काउंटी कोर्टात बँकरप्टसीचे कागद का सापडत नाहीत, आणि अर्ज नेमका कुठे करायचा

प्रश्न थोडक्यात असा. पश्चिम कॅन्ससमधल्या एका लहान काउंटीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. त्या स्वतः गावच्या हॉस्पिटलात फिजिकल थेरपिस्ट. नवऱ्याने चार वर्षं सँडविचचं दुकान चालवलं, मागच्या वर्षी बंद केलं. ओव्हन, फ्रीझर, काउंटर असं सगळं सामान एका माणसाला हप्त्यांवर विकलं. त्याने तीन हप्ते दिले आणि थांबला. आता गावात बोललं जातंय की 'त्याने बँकरप्टसी केली', म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज केला. ताई काउंटी कोर्टात जाऊन आल्या. खिडकीवरची बाई म्हणाली, इथे असं काही नाही. दुसरीकडे दुकानाच्या कर्जासाठी बँक यांच्याच मागे लागली आहे आणि आता आपल्यालाच अर्ज करावा लागेल का, अशी चिंता आहे. तो गावातून करता येतो का? भारतातल्या जमिनीचं, सोन्याचं काय? ग्रीन कार्डावर परिणाम होईल का?

मी विचिटामध्ये अठरा-एकोणीस वर्षं बँकरप्टसीचंच काम करतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे खिडकीवरच्या बाईंनी खरं तेच सांगितलं. बँकरप्टसी हा केंद्राचा कायदा आहे आणि त्याची कोर्टंही केंद्राची. काउंटीचा त्यात काहीच संबंध नाही. कॅन्ससमध्ये १०५ काउंट्या आहेत, पण बँकरप्टसीसाठी अख्खं राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट, आणि त्याची कार्यालयं तीन शहरांत: विचिटा, टोपेका, कॅन्सस सिटी. गुडलँडला राहणाऱ्या माणसाचं विचिटाचं कोर्ट तीनशे मैलांहून लांब पडतं. ऐकून धसका बसतो, पण त्या कोर्टात प्रत्यक्ष पाऊल ठेवायची वेळ हल्ली फार कमी लोकांवर येते. ते पुढे सांगतो.

आधी त्या माणसाचा शोध. इंटरनेट धड चालत नसेल तर फोन करा. कोर्टांची एक फुकट स्वयंचलित लाइन आहे, ८६६-२२२-८०२९. राज्य सांगायचं, नाव सांगायचं, की यंत्र केस नंबर, चॅप्टर (म्हणजे बँकरप्टसीचा प्रकार), अर्जाची तारीख आणि ट्रस्टीचं (केस सांभाळायला नेमलेल्या माणसाचं) नाव वाचून दाखवतं. पूर्ण कागद हवे असतील तर 'पेसर' नावाची केंद्रीय कोर्टांची साइट आहे. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. पानाला १० सेंट पडतात, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत एकूण ३० डॉलरच्या आत राहिलात तर बिलच येत नाही. माणूस आधी कुठल्या राज्यात राहत होता हे माहीत नसेल तर त्यातल्याच 'केस लोकेटर'मध्ये देशभर शोधा. आडनावाच्या स्पेलिंगवर भिस्त ठेवू नका, दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. कॅन्ससचा केस नंबर बघितला की कोर्ट कळतं: वर्षानंतरचा आकडा १ ने सुरू झाला तर विचिटा, २ असेल तर कॅन्सस सिटी, ४ असेल तर टोपेका. विचिटाला काही कामानिमित्त जाणं झालंच तर क्लार्कच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हे सगळं फुकट बघता येतं, फक्त प्रिंटचे पैसे.

केस सापडली की सगळी यादी उपसत बसू नका. मूळ अर्ज, 'शेड्यूल ई-एफ' आणि पहिली नोटीस एवढं उघडा. ई-एफ म्हणजे ज्यांचं बिनतारण देणं आहे त्यांची यादी. त्यात तुमचं नाव-पत्ता आहे का बघा. पहिल्या नोटिशीत मुदती असतात. चॅप्टर ७ (मालमत्ता विकून देणी वाटायचा प्रकार) असेल आणि 'वाटायला मालमत्ता नाही' असं त्यात लिहिलेलं असेल तर क्लेम, म्हणजे आपलं येणं मागायचा फॉर्म, भरायची गरज नाही. मालमत्ता निघाली तर कोर्ट स्वतःहून नवी नोटीस पाठवतं. चॅप्टर १३ (कमाईतून हप्त्यांनी फेडायचा प्रकार) असेल तर अर्जाच्या तारखेपासून ७० दिवसांत फॉर्म ४१० भरून क्लेम टाकायचा. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

सामान हप्त्यांवर देताना तुम्ही टोपेकाला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे यूसीसी नोंद, म्हणजे ते सामान तुमच्याकडे तारण असल्याची नोंद, केली होती का? बहुतेक नसेलच. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी केलेली नसते, कारण 'ओळखीचा माणूस' असतो. ती नोंद असती तर ओव्हन-फ्रीझरवर तुमचा तारणाचा हक्क टिकला असता. नसेल तर क्रेडिट कार्ड कंपन्यांच्याच रांगेत उभं राहायचं.

आणि केस चालू आहे असं दिसलं की त्या माणसाकडे पैसे मागणं त्या मिनिटाला थांबवा. फोन नाही, कुणाकरवी निरोप नाही, साधा व्हॉट्सॲपसुद्धा नाही. अर्ज दाखल झाला की वसुलीवर आपोआप स्थगिती येते आणि ती मोडली तर दंड तुम्हालाच भरावा लागतो.

काउंटी कोर्टात काहीच सापडत नाही, असंही नाही. बँकेने तुमच्यावर दावा लावला असेल, निकाल लागला असेल, तर तो तिथेच असतो. गहाणखतं रजिस्टर ऑफ डीड्सच्या ऑफिसात मिळतात. पुन्हा जाल तेव्हा स्वतःच्या नावाने शोधा. निकालाचा बोजा घराच्या कागदांवर चढलेला असू शकतो आणि बँकरप्टसी झाली तरी तो आपोआप उतरत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. लोक हे विसरतात आणि दहा वर्षांनी घर विकायला काढलं की टायटल कंपनी (मालकीचे कागद तपासणारी) तो बोजा समोर ठेवते.

आता तुमचं स्वतःचं. इथेच दोन्ही प्रश्न एकत्र येतात: तो माणूस तुमचं जे देणं लागतो, ती तुमची मालमत्ता आहे. बुडीत असो, अर्धी असो, तुमच्या अर्जात लिहावी लागणार. म्हणून वरचा शोध आधी पूर्ण करा. 'त्याच्याकडून येणं आहे, पण त्याची अमुक नंबरची केस चालू आहे, वसुलीची शक्यता नाही' एवढं एक वाक्य लिहिलं की विषय मिटतो. न लिहिता सापडलं तर त्याच येण्यावरून तुमच्या खरेपणावर शंका घेतली जाते.

कोणता चॅप्टर हे ठरवण्याआधी सही कुणाची हे बघा. कर्ज एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर असलं तरी वैयक्तिक हमी कुणी दिली? एलएलसीचं चॅप्टर ७ करून उपयोग नसतो, कंपनीला डिस्चार्ज, म्हणजे कर्जातून सुटका, मिळतच नाही आणि हमी तशीच राहते. हमीवर फक्त नवऱ्याची सही असेल तर अर्ज फक्त त्याने करावा. कॅन्ससमध्ये नवरा-बायकोचं कर्ज कायद्याने एकत्र धरत नाहीत. तुमचा पगार घरखर्चाच्या हिशेबात दाखवावा लागेल, पण तुमचं नाव आणि क्रेडिट बाजूला राहील. दोघांच्या सह्या असतील तर एकत्र अर्ज करा, फी एकच लागते.

तुमचा पगार चांगला आहे म्हणून 'आपण चॅप्टर ७ मध्ये बसणार नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. हे अर्धं खरं आहे. उत्पन्नाची ती चाचणी, मीन्स टेस्ट, फक्त ज्यांचं कर्ज प्रामुख्याने घरगुती आहे त्यांना लागते. धंद्याचं कर्ज निम्म्याहून जास्त असेल तर ती लागतच नाही. हिशेब कागदावर मांडा. घराचं कर्ज घरगुतीत जातं. समजा ते १ लाख १० हजार आणि कार्डांवरचा घरखर्च २० हजार, म्हणजे १ लाख ३० हजार. बँकेची हमी, दुकानाचं भाडं, सप्लायर मिळून १ लाख ९० हजार. झालं, तुम्ही धंद्याच्या बाजूला. ज्या कार्डावर दुकानासाठी चीज आणि ब्रेड आणलात तेही धंद्यातच धरायचं. कार्डावर नाव कुणाचं यापेक्षा पैसे कशासाठी वापरले हे महत्त्वाचं. स्टेटमेंटं काढून खुणा करायला बसा, एक रविवार जाईल.

एक देणं मात्र यातून सुटत नाही: गिऱ्हाईकांकडून घेतलेला आणि राज्याला न भरलेला सेल्स टॅक्स, तसंच नोकरांच्या पगारातून कापलेला कर. ते पैसे तुमचे कधी नव्हतेच असं कायदा मानतो. दुकान बुडायला लागलं की लोक आधी हेच थकवतात आणि कार्डाचे हप्ते भरत राहतात. उलट करायला हवं होतं, पण झालं ते झालं. आता जे थोडे पैसे हातात असतील ते कुठे भरायचे हे वकिलाशी बोलून ठरवा.

घराबद्दल कॅन्सस उदार आहे. गावाच्या हद्दीत एक एकरापर्यंत, बाहेर शेतजमीन असेल तर १६० एकरांपर्यंत राहतं घर सुरक्षित, किमतीची मर्यादा नाही. अट एवढीच की घर घेऊन साधारण सव्वातीन वर्षं, नेमके १,२१५ दिवस, झालेले असावेत. नाहीतर २ लाख १४ हजार डॉलरची केंद्राची मर्यादा लागू होऊ शकते. प्रत्येकाची एक गाडी २० हजारांपर्यंत. ४०१के हे नोकरीतलं निवृत्तीचं खातं सुरक्षित. दागिने? माणशी एक हजार डॉलर. बरोबर वाचलंत. आपल्याकडच्या लग्नात अंगावर घातलेलं सोनं, आजचा भाव, आणि एक हजार डॉलर.

इथे बहुतेक आपली माणसं अडखळतात. माझ्यासमोर एकदा एका बाईंनी टेबलावर रुमाल पसरून त्यात मंगळसूत्र, चार बांगड्या आणि एक जुनी ठुशी ठेवली आणि विचारलं, हे लिहायलाच हवं का? लिहायलाच हवं. धार्मिक म्हणून वेगळी सवलत नाही. पण किंमत लिहिताना दुकानातली पावती लावायची नाही. घडणावळ विसरा, आज मोडीत दिलं तर काय मिळेल तेवढाच आकडा. मंगळसूत्र बारीक असेल तर ते हजारात बसतंही. बाकीच्याचं मोल ट्रस्टीशी बोलून हप्त्यांनी भरता येतं आणि वस्तू घरातच राहते. त्या बाईंच्या बांगड्या अशाच राहिल्या. लपवलं आणि सापडलं तर मात्र डिस्चार्ज जातो आणि फौजदारीत पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

भारतातलं सगळंही यात येतं. कायद्याचे शब्द असे आहेत की मालमत्ता जगात कुठेही असो, कुणाच्याही ताब्यात असो, ती अर्जात आली पाहिजे. पुण्यातला फ्लॅट, एनआरई ठेवी, पीपीएफ, सासूबाईंच्या लॉकरमधलं तुमचं सोनं. पीपीएफला ४०१के सारखं संरक्षण गृहीत धरू नका. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली असेल आणि त्याचं एफबार (परदेशी खात्यांची सरकारला द्यायची माहिती) भरलेलं नसेल, तर ते आधी निस्तरा, मग अर्ज.

सात-बाराचं विशेष सांगतो. 'उताऱ्यावर माझं नाव नाही, म्हणजे माझं काही नाही' असं लेकी सर्रास म्हणतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा जन्माने हक्क आहे, आणि त्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे नाव चढलेलं नसलं तरी हिस्सा असू शकतो, आणि असला तर तो लिहायचा. कुणाच्या घरचा हिस्सा लिहायचा, हे अर्ज कुणाच्या नावाने होतोय यावर अवलंबून: एकट्या नवऱ्याचा असेल तर त्याच्या घरची जमीन, तुमचा असेल तर तुमच्या माहेरची. मी एकदा एका उताऱ्याचं इंग्रजी करून ट्रस्टीला दिलं. अकरा नावं, एक हेक्टर वीस आर, त्यात पोटखराबा, एका विहिरीतला सहावा हिस्सा. ट्रस्टी बराच वेळ ते वाचत होता. मग विचारलं, हा हिस्सा विकायचा तर अकरा जणांना कोर्टात न्यावं लागेल का? हो म्हटलं. किती वर्षं? मी हसलो फक्त. त्याने तो हिस्सा सोडून दिला, कारण विकायच्या खर्चात किंमतच संपली असती. लिहिला होता म्हणून सोडून देता आला.

अर्ज केल्यापासून १८० दिवसांत वारसाहक्काने काही आलं तर तेही यात ओढलं जातं. घरी कुणी फार आजारी असेल तर हे वकिलाला आधी सांगा, बोलायला अवघड वाटलं तरी.

नातेवाइकांचे पैसे हा आणखी एक सापळा. दुकानासाठी भावाकडून पाच लाख घेतले होते आणि अर्जाआधीच्या वर्षभरात परत केले, तर ट्रस्टी ते भावाकडे परत मागू शकतो. बँका वगैरेंसाठी ही मुदत ९० दिवस, नातेवाइकांसाठी एक वर्ष. इथल्या मराठी मंडळींच्या भिशीची उचल घेतली असेल तर ते देणंही यादीत जातं आणि त्या सगळ्यांना कोर्टाचं पत्र जातं. लाज वाटते, कळतं. पण आवडत्या लोकांची नावं वगळायची मुभा नाही. डिस्चार्ज झाल्यावर स्वखुशीने त्यांचे पैसे फेडायला कायद्याची आडकाठी नाही, आणि बहुतेक जण फेडतातच.

गावात बसून अर्ज कसा होतो? अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेचं क्रेडिट काउन्सेलिंग, फोनवर किंवा ऑनलाइन, तासभर. कोर्टाचे फॉर्म कोर्टांच्या साइटवर फुकट आहेत. चॅप्टर ७ ची फी ३३८ डॉलर, चॅप्टर १३ ची ३१३. एकदम जमत नसेल तर हप्त्यांनी भरायची परवानगी मागता येते. स्वतः वकिलाशिवाय भरता येतं, टपालानेही. पण हमी, भारतातली जमीन आणि थकलेला कर असं त्रांगडं असताना मी स्वतःच्या बहिणीलाही ते करू देणार नाही. फॉर्म भरून देणारे स्वस्तातले 'प्रिपेअरर' कायद्याचा सल्ला देऊ शकत नाहीत, आणि तुम्हाला हवाय तो सल्लाच. गावातला जमीन-वारसा बघणारा वकील चालणार नाही. विचिटा, सलायना किंवा हेजमधला, रोज हेच करणारा शोधा. पेसरवर त्या माणसाची केस उघडाल तेव्हा वकिलाचं नाव दिसेल, तसं दोन-चार केसेसमध्ये कोण वारंवार दिसतंय ते बघा. तीनशे मैल गाडी न हाकता सगळं काम फोन आणि स्कॅनरवर होतं.

शेती असती तर चॅप्टर १२ बद्दल लिहिलं असतं. १९८६ मध्ये शेतकरी बुडत होते तेव्हा तो खास त्यांच्यासाठी आला. तुम्हाला लागू नाही.

अर्जानंतर तीन ते सहा आठवड्यांत '३४१ मीटिंग'. न्यायाधीश नसतो, ट्रस्टी असतो, आणि आता ती झूमवर होते. ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटीचा पुरावा कॅमेऱ्यासमोर धरायचा, शपथ घ्यायची, दहा मिनिटांत सुटका. मागचं टॅक्स रिटर्न सात दिवस आधी ट्रस्टीकडे पोचलेलं हवं. इंग्रजीत घाबरायला होत असेल तर दुभाषा फुकट मिळतो, आधी कळवा. आणि तुमच्याकडची एक खास गंमत: शर्मन, वॉलेस, ग्रीली आणि हॅमिल्टन या चार काउंट्यांचं घड्याळ माउंटन टाइमवर चालतं, ट्रस्टीचं सेंट्रलवर. नोटिशीत ९ लिहिलं असेल तर तुमच्याकडे ८ वाजलेले असतील. माझा एक अशील इस्त्रीचा शर्ट घालून, कॉफी घेऊन, बरोबर एक तास उशिरा हजर झाला होता. मीटिंग पुढे ढकलली, त्याचं हृदय मात्र चार दिवस धडधडत होतं.

त्यानंतर पैशाच्या नियोजनाचा एक छोटा कोर्स, आणि सगळं सरळ गेलं तर चॅप्टर ७ मध्ये अर्जापासून साधारण चार महिन्यांत डिस्चार्ज. क्रेडिट रिपोर्टवर नोंद दहा वर्षं राहू शकते.

गावात कळेल का? रेकॉर्ड सार्वजनिक आहे, पण त्यात सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चारच आकडे आणि मुलांची फक्त आद्याक्षरं असतात. पानाला दहा सेंट मोजून शेजाऱ्याची केस वाचणारे लोक मी फारसे पाहिले नाहीत. ज्यांचं देणं आहे त्यांना मात्र पत्र जाणारच, आणि गावातला हार्डवेअरवाला त्यात असेल तर त्याला तुम्ही आधी स्वतः जाऊन सांगितलेलं बरं. तुमच्या नोकरीला धोका नाही: फक्त बँकरप्टसी केली म्हणून मालक काढू शकत नाही आणि राज्य तुमचं थेरपीचं लायसन्सही त्या एका कारणाने रोखू शकत नाही.

ग्रीन कार्डाचं: अर्ज करायला नागरिक असावं लागत नाही, इथे राहणं किंवा मालमत्ता असणं पुरतं. दिवाळखोरी हे स्वतःहून ग्रीन कार्ड नाकारायचं कारण नाही. थकलेला कर आणि खोटी माहिती यांनी तिथेही खरी अडचण होते. ग्रीन कार्डाची फाइल चालू असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन करून ठेवा.

राहता राहिलं तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य, की डिसेंबरात साताऱ्याला जाणार आहात आणि भावाने हक्कसोड पत्र तयार ठेवलंय. अर्ज दोघांचा होणार की एकट्याचा हे ठरेपर्यंत त्यावर सही करू नका. अर्जाआधीच्या दोन वर्षांत केलेलं असं प्रत्येक हस्तांतर फॉर्ममध्ये लिहावं लागतं, ट्रस्टी ते उलटवू शकतो, आणि राज्याच्या कायद्याने चार वर्षं मागे जाता येतं. भावाला सांगा, वहिनींना सांगा, वाटलं तर माझं हे उत्तर वाचून दाखवा. जाताना रिकामी फाइल न्या आणि येताना उतारा, आठ-अ आणि बँकेची स्टेटमेंटं घेऊन या.